लँकेस्टर आतून बाहेर: एकास बहात्तर मापात ‘क्यू फॉर क्वीनी’

लंडनच्या हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक ब्रिटिश बॉम्बर विमान, अॅव्ह्रो लँकेस्टर, उभं आहे, क्रमांक आर५८६८. नाकावर छोट्या पिवळ्या बॉम्बच्या रांगा रंगवल्या आहेत, मोहिमेमागे एक बॉम्ब. मोहिमा झाल्या १३७. या विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल करणारे बहुतेक जण ते ‘एस फॉर शुगर’ म्हणून करतात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनकडे गेल्यानंतरचं. मी त्याआधीचं निवडलं. १९४२-४३ मध्ये ते ८३ स्क्वाड्रनकडे होतं आणि तेव्हा त्याचं नाव होतं ‘क्यू फॉर क्वीनी’. त्या काळात या विमानातून नेव्हिगेटर म्हणून उडालेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे नाव आहे. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये लढलेला, डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) पदक मिळवलेला हा भारतीय नेव्हिगेटर. हे वाचल्यापासून लँकेस्टरच्या किटचं खोकं उघडलं की माझं लक्ष आधी जातं ते नेव्हिगेटरच्या टेबलाकडे, मग पंखांकडे.

म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवलाय, आतून बाहेर. माणसं कुठे, कशी बसत होती ते आधी पक्कं करा. काय उघडं ठेवायचं, कुठली काच स्वच्छ हवी, कुठल्या भागावर चार संध्याकाळी घालवायच्या, हे सगळं त्यावरून ठरत जातं.

माप आणि किट

खऱ्या लँकेस्टरचा पंखविस्तार ३१.०९ मीटर, म्हणजे १०२ फूट. १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलमध्ये, तो ४३ सेंटीमीटर होतो आणि लांबी साधारण २९ सेंटीमीटर. १/४८ मध्ये पंख ६५ सेंटीमीटरवर जातात, १/३२ मध्ये ९७. खरेदीच्या आधी घरातल्या कपाटात टेप धरून बघा. आपल्याकडच्या काचेच्या कपाटाचा कप्पा बहुधा फूटभर खोल असतो. त्यात १/७२ चं विमान नाक पुढे करून जेमतेम बसतं आणि रुंदीला दीड फूट जागा खातं. पहिलंच चार इंजिनांचं विमान असेल तर १/७२ च घ्या.

या मापात एअरफिक्सचं २०१३ नंतरचं किट मला सगळ्यात सरळ वाटतं. पंखांचे आडवे दांडे धडातून आरपार जातात, त्यामुळे पंख आपोआप बरोबर कोनात बसतात. हासेगावाचं किट नेटकं आहे पण महाग पडतं. रेव्हेलचं स्वस्त आणि चांगलं आहे, त्यावरची रिव्हेट मात्र पॉलिश पेपरने थोडी बसवावी लागतात. जुनं किट कोणी फुकट दिलं तर त्यावर रंगाचा हात बसवा, मुख्य मॉडेलसाठी ते वापरू नका.

फोटो जमवताना एक सावधगिरी. आज जगात दोनच लँकेस्टर उडतात. इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीचं पीए४७४ आणि कॅनडात हॅमिल्टनचं एफएम२१३. दोन्हींचे सुंदर रंगीत फोटो मिळतात, पण दोन्ही १९४५ ची आहेत. १९४२ च्या विमानात आणि त्यांच्यात फरक आहेत. सुरुवातीच्या विमानांच्या धडावर दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्यांची रांग होती, पंख्याची (प्रॉपेलरची) पाती अरुंद आणि टोकाला निमुळती होती, आणि पोटाखाली रडारचा फुगवटा नव्हता. रंग कसा मळतो हे उडत्या विमानांच्या फोटोंवरून शिका. विमानाचं रूप ठरवताना त्या काळातले काळे-पांढरे फोटोच समोर ठेवा.

हत्यारं, आणि कोपऱ्यावरची दुकानं

कटर, चांगला टोकदार चिमटा, बारीक कानस, पातळ मॉडेल सिमेंट आणि मास्किंग टेप एवढं छंदाच्या दुकानातूनच घ्या. बाकी बरंच गल्लीत मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर आणा. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस लावलेल्या काड्या आणि २६ नंबरच्या सुया आणा. सुया कशाला लागतात ते पुढे येईल. पांढरा फेव्हिकॉल घरात असतोच. गाड्या रंगवणारे भेगा भरायला वापरतात ती लांबीही (पुटी) चालते, पण अगदी पातळ थरात. जाड भरली तर वाळताना आकसते आणि भेग पुन्हा दिसू लागते.

रंग पातळ करायला हार्डवेअरवाल्याचं थिनर वापरू नका. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं. ज्या कंपनीचा रंग, त्याच कंपनीचं थिनर घ्या.

काम सुरू करण्याआधी किटच्या तुकड्यांच्या सगळ्या चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि रात्रभर वाळू द्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल प्लॅस्टिकवर राहिलं तर पुढे रंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा निघून येतो.

आतलं काम

लँकेस्टरमध्ये सात माणसं. पायलट डावीकडे उंच आसनावर, त्याच्या उजवीकडे फ्लाइट इंजिनिअर, साध्या घडीच्या आसनावर. नाकात बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा, पालथा झोपलेला. पायलटच्या मागे नेव्हिगेटर, त्याच्या मागे वायरलेस ऑपरेटर. धडाच्या पाठीवर एक गनर आणि शेपटीच्या टोकाला एकटा बसलेला दुसरा. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जण विमानांतून गेले, त्यातले ५५,५७३ परत आले नाहीत. हा आकडा माहीत असला की शेपटीच्या टरेटमधलं (बंदुकांच्या फिरत्या घुमटातलं) इवलंसं आसन घाईत चिकटवलं जात नाही.

नेव्हिगेटर डाव्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. समोर टेबल, टेबलावर नकाशा, वर दिवा. त्या दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून मध्ये काळा पडदा. १९४२ मध्ये ‘जी’ नावाची रेडिओ यंत्रणा आली. तिच्या आधारे नेव्हिगेटर दर ६ मिनिटांनी विमानाची जागा काढून नकाशावर टिंब करायचा. रात्रभर, थंडीत, खालून तोफा चालू असताना.

हे टेबल किटमध्ये एक सपाट तुकडा म्हणून येतं. त्याचं काय करायचं ते सविस्तर सांगतो, कारण कॉकपिटच्या लांब काचेतून वाकून पाहिलं की ते खरोखर दिसतं. टेबलाला आधी मळकट फिकट तपकिरी रंग द्या. उत्तर युरोपचा नकाशा प्रिंटरवर अगदी लहान करून छापा, साधारण १२ मिलिमीटर रुंद. कागद जाड असतो, म्हणून मागच्या बाजूने बोट ओलं करून चोळा आणि मागचा थर सोलून काढा. उरेल तो पापुद्रा फेव्हिकॉलच्या पातळ पाण्याने टेबलावर बसवा, एक कोपरा किंचित उचललेला ठेवा. पेन्सिल कोरून टोकदार करा आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून जर्मनीकडे एक रेघ ओढा. पडद्यासाठी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चुण्या पाडून लावा आणि काळा रंगवा. कापड घेऊ नका, या मापात कापडाचा धागा दोरखंडासारखा दिसतो.

रंगांचं सांगायचं तर, काचेलगतच्या भिंती काळ्या करा, रात्री काचेवर प्रतिबिंब उमटू नये म्हणून. मागच्या धडात ब्रिटिश विमानांचा नेहमीचा करडा-हिरवा द्या. निव्वळ काळा मात्र आत कुठेच वापरू नका. दहा थेंब काळ्यात दोन थेंब गडद करडा मिसळा. सुकल्यावर कडांवर फिकट करड्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवा, मगच आकार उठून दिसतात. आसनांचे पट्टे मास्किंग टेपच्या अर्धा मिलिमीटर रुंद पट्ट्यांचे करा, रंग मातकट पांढरा.

मागच्या धडात किती काम करायचं? माझ्या मते फार नको. धडाच्या खिडक्या इवल्याशा असतात, आतला अंधार त्यांतून तसाच दिसतो. तिथे रंग देऊन पुढे जा. वाचलेला वेळ कॉकपिट आणि टरेटवर घाला.

धड मिटवण्याआधी त्या खिडक्यांचा बंदोबस्त करा. काचेचे तुकडे आतून लावले तर पुढे घासताना हमखास एखादा आत पडतो, आणि मग धड मिटलेलं असतं. त्यापेक्षा खिडक्या रिकाम्या ठेवा. सगळा रंग झाल्यावर टूथपिकवर फेव्हिकॉल घेऊन भोकाच्या कडेने फिरवा आणि मध्ये ओढा. साबणाच्या फुग्यासारखा पडदा धरतो आणि रात्रीत काचेसारखा पारदर्शक वाळतो.

धड, पंख, इंजिनं

खऱ्या लँकेस्टरमध्ये पंखांचा मुख्य दांडा धडातून आडवा जायचा आणि माणसांना जाड उड्डाणी कपड्यांसकट त्यावर चढून पलीकडे जावं लागायचं. मॉडेलमध्येही हा दांडा सगळ्याचा आधार आहे. तो धडाशी काटकोनात बसलाय का ते गोंद ओला असतानाच समोरून आणि वरून बघा. इथे एक अंश चुकला तर पंखाच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो.

प्रत्येक जोड आधी गोंदाविना लावून बघा. धडाचे दोन अर्धे एकत्र धरून टेप लावा आणि पातळ सिमेंट भेगेवर ब्रशने टेकवा, ते आपणहून आत ओढलं जातं. दहा सेकंदांनी हलकेच दाबा. भेगेतून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर आली की समजा जोड पक्का झाला. पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग ती कड कटरने तासून वॉटर पेपरने घासा. असं केलं की लांबीची गरज फार थोड्या जागी उरते.

पंखांचा मधला भाग, आतल्या इंजिनांपर्यंतचा, सपाट असतो. तिथून बाहेरचा भाग ७ अंश वर उचललेला. हा मोड नीट आला नाही तर समोरून विमान दमल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा एक साचा कापून पंखाखाली ठेवा आणि सुकेपर्यंत हलवू नका.

बॉम्बचा कप्पा उघडा ठेवायचा की बंद, हे याच टप्प्यावर ठरवा. खऱ्या विमानात तो ३३ फूट लांब होता, १/७२ मध्ये १४ सेंटीमीटर. आत ४,००० पौंडांचा ‘कुकी’ बॉम्ब आणि बाजूला आग लावणाऱ्या बॉम्बच्या पेट्या, हा नेहमीचा भार. मी तो बंद ठेवला. लांब दारं हटकून थोडी वाकलेली येतात. दोन्ही एका रेषेत आणायला आतून प्लॅस्टिकच्या तीन आडव्या पट्ट्या लावल्या.

इंजिनं चार, पण एकावेळी एकच करू नका. चारही तुकडे जमिनीवर रांगेत मांडा आणि एकेक काम चौघांवर करत जा. नाहीतर चौथं इंजिन पहिल्यासारखं दिसत नाही.

काचा

लँकेस्टर म्हणजे काचांचं विमान. कॉकपिट, नाकातला गोल घुमट, तीन टरेट. माझ्या पहिल्या लँकेस्टरला मी कॉकपिटची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली. सकाळी उठून पाहिलं तर काच आतून पांढरी धुरकटलेली होती आणि महिनाभराचं आतलं काम तिच्यामागे झाकलं गेलं होतं. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. काचेला फक्त फेव्हिकॉल लावा. चुकलं तर ओल्या काडीने पुसता येतो.

कॉकपिटच्या चौकटी रंगवताना मधली काच झाकायला तयार कापलेले मास्क मिळतात. मिळाले तर घ्या, दोन दिवस वाचतात. नसतील तर मास्किंग टेप काचेवर दाबून बसवा, टूथपिकने चौकटीच्या कडा दाबून उठवा आणि अगदी नव्या पात्याने कापा. पातं दाबू नका, त्याच्या वजनानेच टेप कापला गेला पाहिजे. मास्क लावल्यावर पहिला हात आतल्या रंगाचा द्या, म्हणजे काळा. त्यावर बाहेरचा रंग. आतून पाहिलं की चौकट आतूनही रंगलेली दिसते.

आता त्या सुया. नाकात दोन, पाठीवर दोन, शेपटीत चार, अशा आठ ब्राउनिंग बंदुका. किटमधल्या नळ्या बहुधा जाड असतात आणि कापतानाच मोडतात. २६ नंबरच्या सुईची बाहेरची जाडी साधारण ०.४६ मिलिमीटर, या मापाला अगदी जवळची. टोकाचा तिरका भाग आधी कानशीने घासून सपाट करा आणि टोक भिंतीकडे धरून कापा, चष्मा घालून. नळीला आरपार भोक आधीच असतं, ती आयती बंदुकीसारखी दिसते.

रंग

पावसाळ्यात रंग देणार असाल तर हवेकडे लक्ष ठेवा. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये लॅकर मारला की दमटपणामुळे त्यावर पांढरट झाक चढते. पाऊस उघडल्यावर दुपारी काम करा, किंवा अॅक्रिलिक वापरा.

करड्या प्रायमरचा पातळ हात द्या आणि बॅटरीच्या तिरप्या उजेडात सगळे सांधे तपासा. राहिलेली भेग इथेच सापडते. ती दुरुस्त करून पुन्हा प्रायमर.

रात्री उडणाऱ्या बॉम्बरना वरून गडद मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, खालून आणि बाजूने वरपर्यंत काळा. एअरब्रशला १५ ते २० पीएसआय दाब, रंगात तेवढंच थिनर. आधी तपकिरी, मग हिरवा. दोन रंगांमधल्या वळणांसाठी पोस्टर चिकटवायच्या ब्लू टॅकच्या बारीक वळ्या करून लावा, मधली जागा टेपने झाका. कड अगदी धारदारही येत नाही आणि धुरकटही होत नाही.

काळ्या रंगाची खरी कसोटी मोठ्या पृष्ठभागावर लागते. आधी सगळीकडे काळा द्या, मग त्यात थोडा करडा आणि तपकिरीचा एक थेंब मिसळून पॅनेलांच्या मध्यावर ढगासारखे अनियमित ठिपके फवारा. शेवटी मूळ काळ्याचा अतिशय पातळ हात सगळ्यावर. लांबून काळंच दिसतं, जवळून त्यात हालचाल जाणवते.

डिकल

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं आणि अक्षरं. तयार संचांत बहुधा ‘एस फॉर शुगर’ मिळतं. ‘क्वीनी’साठी ८३ स्क्वाड्रनची ओएल ही अक्षरं आणि क्यू, मंद लाल रंगातल्या सुट्या अक्षरांच्या संचातून जमवावी लागतात. पंखांवर वरून निळ्या-लाल रंगाचं वर्तुळ, पंखांखाली काहीच नाही. धडावरचं वर्तुळ पिवळ्या कडेचं, त्यात पांढरा आणि पिवळा पट्टा अरुंद. हा प्रकार १९४२ च्या मध्यापासून आला. त्या ऑगस्टमध्ये ८३ स्क्वाड्रन वायटनला जाऊन पाथफाइंडर, म्हणजे पुढे जाऊन बाकीच्यांना लक्ष्य दाखवणारं पथक, झालं. विमान त्यानंतरचं दाखवलं तर चिन्हांचा घोळ राहत नाही.

डिकलखाली चकचकीत वार्निश हवंच. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. काळ्यावर तर ते लगेच उठून दिसतात. कोमट पाण्यात बुडवा, कागदावर सुटं होईपर्यंत थांबा, बसवा, ओल्या काडीने मध्यापासून कडेकडे पाणी काढा. त्यावर डिकल मऊ करणारं द्रावण लावा. डिकल सुरकुतेल, हात लावू नका, तासाभरात ताणून बसतं.

मळ आणि धूर

तेलरंगाच्या नळीतला बर्न्ट अंबर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून वरच्या बाजूच्या रेषांत सोडा. खाली अॅक्रिलिक असल्यामुळे तेलरंग त्याला धरत नाही, कापसाच्या काडीने वरचा पुसता येतो. काळ्या पोटावर मात्र असा गडद पातळ रंग दिसणारच नाही. तिथे फिकट करडा वापरा.

लँकेस्टरची खरी ओळख म्हणजे पंखांवरून मागे गेलेले धुराचे पट्टे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट, म्हणजे चार इंजिनांचे आठ पट्टे. इंधनात शिसं असायचं, म्हणून धूर नुसता काळा नव्हता. आधी गडद तपकिरी-काळ्याचा रुंद आणि पातळ पट्टा, मग मधोमध फिकट करड्याची अरुंद रेघ, मागे जाताना विरत जाणारी. दाब १२ पीएसआयच्या आसपास ठेवा आणि आधी कागदावर सराव करा. खडू कानशीवर घासून केलेली पूड ब्रशने लावूनही चांगला परिणाम साधतो, एअरब्रश नसेल तर हाच मार्ग. रंग निघालेले चंदेरी ओरखडे फार देऊ नका. पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक चालायचे, आणि इंजिनांच्या झाकणांच्या कडेला थोडे पुरेत. सगळ्यात शेवटी मॅट वार्निश.

चाकं, पंखे, तारा

चाकांचा जमिनीला टेकणारा भाग थोडा घासून सपाट करा, ३० टन वजनाखाली टायर चपटा दिसायला हवा. पंखे काळे, टोकं पिवळी. चारही पंखे एकाच दिशेने फिरतात, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पाती उलटी लागलीत का ते तपासा.

कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीच्या दोन्ही उभ्या पंखांपर्यंत एरियलच्या तारा. किटच्या प्लॅस्टिक चौकटीचा उरलेला दांडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, फिरवत धरा. मधला भाग चकाकून लोंबायला लागला की बाहेर काढा, मनात दोन मोजा आणि दोन्ही हात सावकाश लांब न्या. केसासारखा धागा निघतो. लांब ओढला की बारीक, हळू ओढला की जाड. तो फेव्हिकॉलच्या थेंबाने लावा. सैल राहिला तर विझवलेल्या उदबत्तीचं गरम टोक जवळ न्या, तो आपोआप ताणला जातो.

विमान कपाटात ठेवताना थेट ऊन येणार नाही अशी जागा बघा, उन्हाने काचा आणि डिकल पिवळे पडतात. नाक किंचित डावीकडे वळवून ठेवा. मग पायलटच्या डाव्या खिडकीवर छोटी टॉर्च धरा आणि काचेतून मागच्या बाजूला बघा. पडद्याच्या कडेला टेबलाचा कोपरा दिसतो, नकाशाचा उचललेला कोपरा दिसतो, आणि नजर स्थिरावली की पेन्सिलीची रेघही.